शून्य दोन

हसनैननं ही कार्डं काट्यावर तोलून दिली,
कुर्ल्याला, सीएसटी रोडवर.
बत्तीस नग, पाव किलोच्या थोडे वर.
"चालतात ना?"
"चालतात. पण ह्यांना काही आठवत नाही, ताई."

घरी भिंगाखाली धरलं.
आठ पायांची चिप बसायची तिथं
आठ चांदीचे ठिपके, भोवती पांढरी चौकट,
आत कुणीच राहायला आलेलं नाही.
कुण्या कारखान्यानं नगामागे दोन-अडीच रुपये वाचवले
आणि कार्डाचं नाव, गळ्याचं मोजमाप,
कुठल्या देशात किती मोठ्यानं बोलायचं ते,
सगळं ठेवून दिलं मदरबोर्डाच्या पोटात.
मदरबोर्ड गेला आम्लाच्या पिंपात,
त्यातलं चिमूटभर सोनं काढायला.

विक्रोळी, कन्नमवार नगर.
व्यायामशाळेच्या डोक्यावर अभ्यासिका,
खाली डंबेल पडलं की वर की-बोर्ड दचकतात.
सकाळी सहा ते रात्री दहा, दोन-दोन तासांच्या आठ पाळ्या.
खरटमल सर दारात उभे:
"उठताना मशीन बंद करा. बिल मी भरतो."
पहिल्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस लागली.
सरांनी पेढे आणले, मी तीन खाल्ले.
रात्री आठनंतर मात्र एकेक मुकं व्हायला लागलं.

राउटरची वही उघडली तर
पाहुण्यांच्या सगळ्या जागा भरलेल्या.
दोनशे त्रेपन्न!
खोलीत मशीन बत्तीस.

दोष ड्रायव्हरला कसा देऊ?
तो भला माणूस.
झोपेतून उठलेलं कार्ड स्वतःचं नाव सांगत नाही म्हणून
तो त्याला दाराबाहेर ठेवत नाही,
फासे टाकतो, पडेल ते नाव देतो.
पाळी संपली, बंद.
पाळी सुरू, नवं नाव.
आणि राउटर, जुन्या वळणाचा कारकून,
प्रत्येक वेळी नवी ओळ आखतो,
जुनी खोडत नाही चोवीस तास.

मग रविवारी बसलो, मी आणि सृजना.
पत्र्याच्या टोपीखालचे स्टिकर मी वाचायचे,
तिनं फाइलीत उतरवायचे.
"आठ की बी?"
"बी. बहुतेक."
"बहुतेक नको."
पुन्हा भिंग, पुन्हा मोबाइलचा उजेड.

गळ्याचं मोजमाप एकाचंच मिळालं,
त्याच घाण्यातल्या एका जित्या राउटरमधून,
तेच सगळ्यांना घातलं, थोरलीचा फ्रॉक धाकटीला तसं.
खिडकीजवळचं अजून घोगरं बोलतं.
त्याला अर्धा डेसिबल खाली आणलं,
मग अजून अर्धा.
पुढच्या रविवारी बघू.

बत्तिसाव्याचा स्टिकरच नव्हता.
गोंदाचा नुसता पिवळा डाग.
मी तिला नियम सांगितला:
शून्य दोननं सुरू होणारा पत्ता
कारखान्याचा नसतो.
तो जिथल्या तिथं दिलेला असतो,
आणि जगातलं कुठलंही राउटर त्याला
तू मूळचा कुठला, असं विचारत नाही.
"पुढं दहा घरं उरतात. भर काहीही."

ती थोडा वेळ की-बोर्डाकडे बघत राहिली.
मग न अडखळता दहा आकडे टाइप केले,
पाठ असल्यासारखे.
"कसला नंबर?"
"मागच्या वर्षीचा सीट नंबर.
ह्याला काही लागलं नव्हतं."

मी फाइल जपून ठेवली,
बूटच्या आधी वाचली जाईल अशा जागी.
मशीन बंद केलं. चालू केलं.
पुन्हा बंद. पुन्हा चालू.
वहीत तीच ओळ, शून्य दोन आणि तिचे दहा आकडे,
खाली दुसरी ओळ नाही.

"लागलं," सृजना म्हणाली,
फार मोठ्यानं नाही.
खाली कुणाचं तरी डंबेल पडलं.
दारातून सर:
"उठताना बंद करा हं."